देवाच्या दारचा घरजावई

"फुकटचं गळ्यात अडकतं."

हे वाक्य रामसिंगच्या तोंडात कायम असायचं, जसा म्हाताऱ्या बैलाच्या तोंडात रवंथ. विसरवाडीच्या फाट्यावर टपरीवाल्यानं थंडीच्या दिवसांत कपभर चहा पुढे केला, तर तो चहा प्यायचा, हे वाक्य म्हणायचा आणि टपरीमागची लाकडं फोडून द्यायचा. शेजारच्या गजराबाईनं मांडवावरचा एक दुध्या भोपळा त्याच्या बायकोच्या, दिवलीच्या, पदरात टाकला, की दुसऱ्या दिवशी सकाळी गजराबाईचं पडकं कुंपण नीट उभं राहिलेलं असायचं.

"अगं दिवली," गजराबाई कपाळाला हात लावायची, "तुझ्या नवऱ्याला भोपळा द्यायची चोरी झाली! यंदा मी वेलच लावत नाही. नाहीतर हा माझं घरच उतरवून परत बांधून द्यायचा."

दिवली हसायची. वरवर पाहिलं तर हसण्यासारखंच होतं ते. पण ज्या माणसाच्या शेजारी आपण जन्म काढतो, त्याच्याकडे वरवर पाहता येत नाही. तिला ठाऊक होतं, की या माणसाच्या घशात खरंच काहीतरी अडकलेलं आहे, आणि ते बाहेर काढायला तिची बोटं पुरत नाहीत.

ते अडकलं होतं तिच्याच माहेरी, डोंगरात.

त्या डोंगरात रीत अशी, की मुलीच्या बापाला नवऱ्याकडच्यांनी देज द्यायचं. ज्याच्या घरात देज नाही, त्यानं आपले हात द्यायचे. पाच पावसाळे सासऱ्याच्या घरी घरजावई म्हणून राबायचं. नांगर धरायचा, गुरं वळायची, चैतात मोहाची फुलं वेचायची, आणि सासरा उठल्यावर जेवायला बसायचं. संसार त्याच घरात सुरू होतो, पण बायको अजून त्याची नसते. पोर झालं तर पोरही त्याचं नसतं. पाचवं पीक घरात आलं की सासरा पंच बोलावतो, मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतो आणि सगळ्यांदेखत एकच शब्द म्हणतो: "फिटलं." त्या एका शब्दानं बायको त्याची होते, पोरं त्याची होतात, आणि तो मान वर करून आपलं वेगळं घर घालायला जातो.

दिवलीचा बाप डोंगरसिंग हा शब्दाचा माणूस होता. रामसिंगचं काम त्याला आवडायचं. "असा जावई मला देज घेऊन मिळाला नसता," असं तो बाजारात सांगायचा. पाचवं पीक खळ्यावर आलं. नागलीची रास पडली. पंचांना निरोप गेले. आणि त्याच आठवड्यात डोंगरसिंगच्या छातीत कळ आली, तो खळ्यावरच आडवा झाला, आणि शब्द न म्हणताच गेला.

दिवलीचा भाऊ उदेसिंग बापाच्या जागी बसला. रामसिंग त्याच्यापुढे उभा राहिला, तेव्हा उदेसिंग म्हणाला, "बा गेला, शब्द बरोबर घेऊन गेला. मी कसा म्हणू? अजून दोन पावसाळे राब, मग बघू."

पंचांनी खाली पाहिलं. जमिनीवर पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी पाहिलं.

रामसिंगनं विळा तिथेच टाकला आणि तो डोंगर उतरायला लागला. दिवलीनं दोन भांडी डोक्यावर घेतली आणि त्याच्यामागे निघाली. बायको शब्दावाचून नेली, असं मागे बोललं गेलं. दिवलीला त्याचं काही वाटलं नाही. "मी आले ना तुझ्यामागे?" ती वाटेत म्हणाली. "आणखी कोणाचा शब्द पाहिजे तुला?"

"तू आलीस," रामसिंग म्हणाला. "दिली नाही कोणी."

विसरवाडीला तेव्हा मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं. दोघांनी खडी फोडली. सागाच्या पानांचं छप्पर आणि कुडाच्या भिंती असं झोपडं उभं केलं. तिथं त्यांना मुलगी झाली, ती बेबी. दिवसभर ट्रक जायचे. नंदुरबारच्या मिरच्यांची पोती भरलेला ट्रक गेला की अख्ख्या वस्तीला शिंका यायच्या, आणि शिंकणाऱ्या आईबापाकडे बघून ती पोर खदखदून हसायची.

ती नुकती चालायला लागली होती, तेव्हा तिला ताप भरला आणि तापात आकडी आली. डोळे फिरले, मुठी वळल्या. रामसिंग तिला हातांवर घेऊन झोपड्याबाहेर उभा राहिला. कुठे जायचं ते त्याला सुचेना. त्याच वेळी वाटेनं रूपचंद मास्तर चालले होते. मास्तर मूळचे धानोऱ्याचे, सपाटीवरचे, अहिराणी बोलणारे. आठवडाभर ते वस्तीवरच्या पोरांना एका छपरीत शिकवायचे आणि रविवारी त्याच छपरीत ख्रिस्ती उपासना चालवायचे. मास्तरांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटून दोन वाक्यांत प्रभूला हाक मारली, आणि मग डोळे उघडून रस्त्यावर धावत जाऊन एक ट्रक अडवला. दोघा आईबापांना पोरीसकट त्यांनी मिशनच्या दवाखान्यात नेलं.

पोर वाचली.

"काय देऊ?" रामसिंगनं विचारलं.

"काही देनं नही, भाऊ," मास्तर म्हणाले. "डॉक्टरनी औषध दिधं, जीव प्रभूनी दिधा. त्यानी कृपा शे ती. कृपाले मोल ऱ्हात नही."

दिवलीनं पाहिलं, रामसिंगच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली नाही.

पुढे दोघं रविवारी छपरीत बसायला लागले. मास्तर सांगायचे ते साधं होतं. माणसाचं पाप माणसाच्या पाठीवरून उतरवून प्रभूनं आपल्या पाठीवर घेतलं, त्यात त्याचा जीव गेला, आणि तो पुन्हा उठला. जो त्याच्यावर भरवसा ठेवतो तो घरी पोचलाच, त्याला वेगळी चढण चढावी लागत नाही. दिवलीनं हे ऐकलं, पदर पसरला आणि घेतलं. तान्ह्या लेकराला पाजताना जसं लेकरू विचारत नाही, तसं.

रामसिंगचाही विश्वास बसला. त्याचा विश्वास नव्हता असं कोणी म्हणू नये. प्रभू खरा आहे, हे त्याला डोंगर खरा आहे तितकं ठाऊक झालं. पण इतका मोठा मालक इतकी मोठी गोष्ट देतो आणि मागत काहीच नाही, हे त्याला पटेना. नदीत बाप्तिस्मा झाला, ओल्या कपड्यांनी दोघं काठ चढून आली, तेव्हा तो दिवलीला हळूच म्हणाला, "पाच पावसाळे."

"काय पाच पावसाळे?"

"त्याच्या घरी राबेन. घरजावई म्हणून. मग पोर आपली."

"मास्तर तर असं काही बोलले नाहीत."

"मास्तर सपाटीचे. त्यांना देज कुठे ठाऊक?"

आणि तो राबला. मिशनच्या विहिरीवरून कावड खांद्यावर घेऊन छपरीचे रांजण भरले. पानांचं छप्पर जाऊन कौलं आली ती त्यानं चढवली. कुडाच्या जागी दगडाची भिंत आली ती त्यानं रचली. डोंगरात कोणी आजारी पडलं की बांबूला झोळी बांधून, एक टोक आपल्या खांद्यावर घेऊन, तो त्यांना दवाखान्यात आणायचा. वस्तीतले लोक म्हणायचे, केवढी भक्ती! मास्तर रविवारी त्याचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे. मास्तरांना काय माहीत, की हा माणूस मनातल्या मनात पावसाळे उतरवतोय! दिवलीला माहीत होतं. पण नवऱ्याच्या मनातलं चव्हाट्यावर कसं मांडायचं? आज सांगते, उद्या सांगते, असं करत तिनं ते सांगितलंच नाही.

एवढ्या वर्षांत त्यानं बेबीला कधी मांडीवर घेतलं नाही. मारलं नाही, रागावला नाही, तिच्या खाण्यापिण्यात कमी केलं नाही. पण लोकाच्या ठेवीला हात लावावा तसा जपून लावायचा. पोर मात्र धीट. ती त्याच्या पाठीवर चढायची, कान ओढायची.

"बा, तू माझा बा आहेस की गजरामावशीचा?" एकदा तिनं विचारलं. "तिचं कुंपण बांधतोस, मला उचलत नाहीस."

"थांब," तो म्हणाला. "थोडे दिवस थांब."

"मी मोठी होईन मग. मग तुला उचलवणार नाही!"

तो हसला, पण उचललं नाही. ज्या वासरावर अजून आपली खूण नाही, त्याच्या गळ्यात कोणी घुंगूर बांधत नाही.

"तुला भीती नाही वाटत?" तो दिवलीला विचारायचा.

"कसली?"

"तो परत मागेल याची."

"मागायला दिलंच नाही त्यानं."

"तुला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे," ती म्हणायची, आणि भांडी घासता घासता उपासनेतलं गाणं बेसूर आवाजात म्हणायला लागायची. तिच्याजवळ आणखी काही सांगण्यासारखं नव्हतं. आंधळ्यालाही आपल्या घराचं दार सापडतं, तसं तिला ते सापडलं होतं. पण दुसऱ्याचा हात धरून दाखवायला गेलं, तर ती दाराऐवजी भिंतच दाखवत होती.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी त्याचं पाचवं पीक आलं. भाताची कापणी झाली, आणि रामसिंग डोंगरात जाऊन आला. पुढच्या रविवारी उपासनेला पाच म्हातारे येऊन बसले. त्यांच्याबरोबर उदेसिंगही होता, मिशांना पीळ देऊन. रामसिंगनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. आमेन झालं, लोक उठायला लागले, तसा तो पुढे गेला. त्याच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. प्रभूच्या घरी दारू चालत नाही, म्हणून त्यानं विहिरीचं पाणी आणलं होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "पाच पावसाळे झाले. हे पंच आहेत. धार सोडा आणि म्हणा."

"काय म्हनू, भाऊ?"

"फिटलं म्हणा."

मास्तरांना आधी कळेना. मग एका म्हाताऱ्यानं रीत समजावून सांगितली, आणि मास्तरांचा चेहरा उतरत गेला. दिवली बायकांमध्ये बसली होती. तिनं डोळे मिटले.

"रामसिंगभाऊ," मास्तर म्हणाले, "तू इतली सालं हाई करी ऱ्हायना व्हता?"

"हो. तुम्ही म्हणा आता."

मास्तरांनी म्हणून टाकलं असतं तर? कितीतरी लोक पुढे तसं म्हणाले. एक शब्द होता, काय जात होतं? पण रूपचंद मास्तर ज्या गोष्टीवर जगत होते तीच त्या शब्दानं खोटी पडत होती. त्यांनी तांब्या हातात घेतला नाही.

"माले म्हनता येत नही," ते म्हणाले. "तुन्हा कामवर फिटनं, असं माले म्हनता येत नही. तू येवाना आधीच फिटी गयं शे, भाऊ. प्रभूनीच फेडं."

"मग माझे पाच पावसाळे?"

"ते तुन्हं प्रेम व्हतं."

"मी प्रेम नाही केलं," रामसिंग म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी काम केलं."

मग मागून उदेसिंग हसला. "अरे घरजावया! दोन घरी राबलास, दोन्ही घरी शब्द नाही मिळाला! तुझं नशीबच बिनबोलीचं!"

म्हातारे हसले, मग हसू आवरून बसले. रामसिंगनं तांब्या खाली ठेवला, सांडू न देता, आणि तो बाहेर पडला.

त्यानंतर तो छपरीकडे गेला नाही. पुन्हा खडी फोडायला लागला. मास्तर घरी येऊन उंबऱ्यावर बसायचे. रामसिंग त्यांना पाणी द्यायचा, बोलायचा नाही. मास्तर पाणी पिऊन, डोळे पुसून जायचे. एवढं शास्त्र पाठ असलेला माणूस, पण एका माणसाच्या गळ्यात उतरेल असा एक घास त्यांना करता येईना.

दिवलीनं एकदा धीर केला. "तू घरच चुकलास," ती म्हणाली. "त्या घरात तू जावई नाहीस. लेक आहेस. लेकाला कोणी देज मागतं का? बेबीनं आपल्याला काय दिलं? आली आणि हक्कानं खायला लागली."

रामसिंगनं हातोडा खाली ठेवला. "लेक असतो," तो म्हणाला, "तर मला आतून कळलं असतं. तुला कळतं तसं. मला नाही कळत, दिवली. मी काय करू?"

कळणं हे काही भाकरीसारखं नाही, अर्धं मोडून देता येत नाही.

पुढच्या वर्षी, पाऊस सरता सरता, बेबी आजारी पडली. आतड्यांचा ताप. तिला दवाखान्यात ठेवलं, डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही. मग तेच म्हणाले, आता औषध चालू ठेवा आणि तिला तिच्या घरात, तुमच्याजवळ असू द्या. झोळीत घालून तिला घरी आणली. आणि ज्या सकाळी तिला घरी आणली, त्याच सकाळी रामसिंग पहार घेऊन छपरीकडे गेला आणि मागच्या मोकळ्या जागेला कुंपणाची भिंत घालायला लागला. कोणी सांगितली नव्हती, कोणाला नको होती. पाया खणला, नदीतले दगड डोक्यावरून आणले, एकावर एक चढवले. मास्तर जवळ जाऊन म्हणाले, "भाऊ, हाई भिंत देवनी मांगेल नही." त्यानं मान वर केली नाही.

दिवली पोरीला गजराबाईच्या हवाली करून भिंतीकडे गेली.

"ती तुला विचारतेय," ती म्हणाली. "चल. तिच्याजवळ बस."

"बसलो तर जाईल ती."

"कोण म्हणतं?"

"कच्चं राहिलंय माझं. म्हणून पोर परत मागतोय तो." त्यानं दुसरा दगड उचलला. त्याची बोटं सोलली होती. "ही भिंत होऊ दे. ही झाली की बघ."

"ती भिंत नाही मागत, तो भिंत नाही मागत. तूच मागतोस स्वतःजवळ!" दिवली ओरडली, आणि मग तिचं बळच गेलं. ती खणलेल्या मातीत बसली. "मी तुला ओढून नेऊ शकत नाही. तेवढी ताकद नाही रे माझ्यात. पोरीला धरून ठेवण्याचीही नाही. माझ्यात कशाचीच नाही."

तो दगड लावत राहिला. दगडावर दगड बसल्याचा आवाज येत राहिला. ती तिथेच, मातीत, हात मांडीवर टाकून बसून राहिली. त्या वेळी तिनं प्रार्थनाही केली नाही. प्रार्थना करायलाही कुठून तरी उठावं लागतं.

ऊन कलायला लागलं, तेव्हा गजराबाई पळत आली. दम लागल्यामुळे तिला नीट बोलता येईना. "रामसिंगभाऊ, पोर म्हणतेय... बाला सांग म्हणे, येताना काही आणू नको. नुसता ये."

रामसिंगच्या हातातला दगड अर्धा भिंतीवर होता. तो त्यानं बसवला नाही. मातीनं भरलेल्या पायांनी तो घरापर्यंत आला आणि दारात थांबला, परक्याच्या घरी थांबावं तसा.

"बस ना, बा," बेबी म्हणाली. ओठ सुकले होते, आवाज चिमणीएवढा झाला होता. तो बसला. तिनं सरकत सरकत डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं. आपले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. आधी त्यानं ते जमिनीवर टेकवले, मग पाठीमागे नेले, आणि शेवटी एक हात तिच्या केसांवर ठेवला. पोरीनं मोठा सुस्कारा टाकला, दिवसभर रानात फिरून आलेलं माणूस टाकतं तसा.

"आय," ती दिवलीला म्हणाली, "ते म्हण." दिवलीनं ते गाणं म्हटलं, तसंच बेसूर. पोर हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच मांडीवर, ती गेली. रामसिंग तोवर उठला नव्हता.

छपरीपलीकडच्या उतारावर तिला पुरलं. मामा म्हणून उदेसिंगही डोंगर उतरून आला होता. त्या दिवशी त्याच्या मिशांना पीळ नव्हता. मास्तरांनी प्रार्थना केली. ती मध्येच तुटली, पुन्हा जोडली. माती लोटून झाली. लोक परतायला वळले, तेव्हा रामसिंग बोलला.

"मास्तर, एक विचारतो. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"विचार, भाऊ."

"हिनं एक घागर वाहिली नाही. एक दगड लावला नाही. अजून बाप्तिस्माही झाला नव्हता हिचा. हिच्या हातांनी काहीच झालं नाही." त्यानं हातावरची माती पुसली. "हिला आत घेतलं असेल?"

"लिधं," मास्तर म्हणाले. ते रडत होते, पण शब्द डगमगला नाही.

"कशावर?"

"त्यानी जे करं, त्यावर. दुसरं कशावरच नही."

"म्हणजे फुकट."

"आपले फुकट. त्याले नही, भाऊ. त्याना जीव गया."

रामसिंगनं उकरलेल्या मातीकडे पाहिलं. दिवली त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिला वाटलं, आता हा चिडेल, छपरीत मनातून चिडला होता तसा. पण आता चिडायला त्याला जागाच उरली नव्हती. फुकट मिळतं हे खोटं असेल, तर त्याची पोर बाहेर उभी होती. आठ-नऊ वर्षांची, रिकाम्या हातांची, एकटी. स्वतःसाठी जे त्याला सात जन्मांत पटलं नसतं, ते आज पोरीसाठी खरं असावं म्हणून त्याचा जीव तडफडत होता. दिवलीला हे सगळं दिसलं, आणि त्यात तिला काहीच करता येत नव्हतं, हेही दिसलं.

"आणि मी?" तो म्हणाला. "मला तिच्याजवळ जायचं झालं तर? माझे पाच पावसाळे धरतील?"

"नही धरतस."

"ती भिंत?"

"ती बी नही. ती जठेन गयी ते दार तुन्हं बी. तेच."

"दुसरं नाही?"

"कोनलेच नही, भाऊ. माले बी नही."

वारा नव्हता. रस्त्यावर एक ट्रक लांबून आला आणि गेला.

"मग तेच," रामसिंग म्हणाला.

भरल्या नदीच्या काठी उतार शोधून शोधून दमलेला माणूस, दुसरीकडे कुठेच पाय लागत नाही असं दिसल्यावर, जसा समोरच्या पाण्यात पाय घालतो, तसं तो म्हणाला. त्यात आनंद नव्हता. शंका सरली होती असंही नाही. फक्त मागे फिरायला वाट नव्हती.

मग तो निघाला. घराकडे नाही, छपरीकडे नाही. उतारावरून खाली ओढ्याकडे एक पायवाट जाते आणि पलीकडे डोंगर चढते, तिकडे. सावकाश चालत होता. पाठ थोडी वाकली होती, आणि आज पहिल्यांदाच हात रिकामे होते.

"दिवली, अडव त्याला," उदेसिंग घोगऱ्या आवाजात म्हणाला. "काही बरंवाईट करेल."

"नाही करणार," दिवली म्हणाली.

तिच्या मनात होतं, धावत जावं, त्याला विचारावं: आतून कळलं का तुला? की पोरीसाठी म्हणालास नुसतं? पण तिचे पाय उचलेनात. आणि विचारून तरी काय! जे तिला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं, ते तो कसा सांगणार होता? मास्तर तिच्या बाजूला उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. उदेसिंग खाली बसला होता, पण डोळे त्याचेही वाटेवरच होते.

रामसिंग ओढ्यात उतरला, पलीकडच्या चढाला लागला. सागाच्या झाडांमध्ये त्याचं धोतर एकदा दिसलं, मग बराच वेळ दिसलं नाही, मग आणखी वर, लहान होऊन, पुन्हा दिसलं. दिवली ते पांढरं बघत उभी राहिली.